घट्ट ओढीची पिपाणी

"हात दाव."

सकाळी भट्टीवर पाय ठेवला की मामांचा पहिला शब्द हा. रामराम नंतर. आपण दोन्ही हात उताणे करून पुढं धरायचे. मामा वाकून तळव्यावर नाक न्यायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "कांदा खाल्लायस." "वासाचा साबण लावलास व्हय? लगीन हाय का कुणाचं? जा, राखेनं धू." मालकाच्या मेहुण्यानं एकदा अत्तर लावलं होतं, तर त्याला त्यांनी दारातच उभं केलं. मेहुणा तणतणला. मामा म्हणाले, "पाव्हणं, तुमी ओट्यावर बसा, च्या घ्या. कढईपाशी न्हाय."

"खव्याला कान न्हाईत," ते सांगायचे. "त्याच्याम्होरं शिव्या दे, रड, गानं म्हन. पर त्याला नाक हाय. एकदा वास धरला की सोडत न्हाय."

तुम्ही कधी ईट गावावरून भूमकडं गेला असाल तर रस्त्याच्या कडेला बाभळीच्या लाकडांचे ढीग आणि पत्र्याच्या शेडमधून निघणारा धूर तुम्ही पाहिला असेल. त्या खव्याच्या भट्ट्या. आत चुलाणावर मोठ्या कढया, कढईत दूध आटतंय, आणि प्रत्येक कढईपाशी एक माणूस लांब दांड्याचं उलथणं फिरवत उभा. हल्ली पुष्कळ ठिकाणी यंत्रं फिरवतात. आमच्याकडं अजून हात.

मामांचं नाव मी लिहीत नाही. या हकिकतीत एक अशी वस्तू येते जी आपल्या देशात विकायला आणि आणायला बंदी आहे, आणि मी भित्रा माणूस आहे. भट्टीवर सगळे त्यांना मामा म्हणायचे. मालक पण मामा, दूध घालणारे पण मामा, आणि त्यांचे स्वतःचे जावई तर रीतीप्रमाणं मामाच म्हणायचे.

मी गडचिरोलीकडचा. आठवीत शाळा सोडली. पुढं विशीत आल्यावर रस्त्याच्या कामाच्या टोळीबरोबर डांबराच्या पिंपामागं फिरत फिरत इकडं आलो. ईटजवळ मला ताप भरला. टोळी पुढच्या कामाला गेली आणि मी एका दुकानाच्या फळीवर पडून राहिलो. मामा दुधाच्या कॅनी घेऊन चालले होते. थांबले. "कुनाचा रं तू?"

इथं मी कुणाचाच नव्हतो. म्हणालो, "दूरचा आहे जी."

"जी म्हनू नको. मला कलेक्टर झाल्यागत वाटतंय," ते म्हणाले आणि कॅनीच्या झाकणात दूध ओतून माझ्यापुढं धरलं.

भट्टीमागं त्यांची एक खोली होती. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लातूरला दिलेली. त्या खोलीत त्यांनी मला जागा दिली आणि पुढं कामही दिलं. माझं 'जी' काही गेलं नाही. दर वेळी ते कॉलर नसलेल्या बंडीची कॉलर नीट केल्यासारखं करायचे. मी आज कढईवर उभा राहून पोट भरतो ते त्या माणसामुळं, हे मी कुणापुढंही सांगेन. घाबरत सांगेन, पण सांगेन.

मामा बिडी ओढायचे. खव्याच्या भट्टीवर बिडी म्हणजे देवळात चप्पल, पण त्यांनी तिची सोय लावली होती. रस्ता ओलांडून पलीकडं एक लिंबाचं झाड होतं. आधी बोटाला थुंकी लावून वारं बघायचं. वारं भट्टीकडं असेल तर झाडाच्या अजून पलीकडं जायचं. मग बंडलातून बिडी काढायची, कानाशी नेऊन दोन बोटांत फिरवायची. सैल वळलेली असेल तर ती लाकूडतोड्या गणपासाठी बाजूला. "सैल बिडी म्हंजे दार उघडं टाकून जेवायला बसल्यागत," ते म्हणायचे. घट्ट निघाली की शिलगवायची, गाल आत घेऊन धूर तोंडात भरायचा, जरा थांबायचं, मग सावकाश छातीत सोडायचा. परत येताना हौदावर राखेनं हात, चुळा, मिशा धुवायच्या, बडीशेप चावायची. इतकं करून ते कढईपाशी यायचे. त्यांच्या खव्याला बिडीचा वास आला असं कुणी कधी म्हणालं नाही.

वास खव्यात गेला नाही. धूर मात्र कुठंतरी जमा होत होता.

माझा बाप मी लहान असताना खोकत खोकत गेला. त्यामुळं म्हाताऱ्या माणसाचा खोकला ऐकला की मी हातातलं काम टाकून तो थांबायची वाट बघतो. मामांची सकाळची उबळ मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचो. संपली की ते म्हणायचे, "उठ रं, कोंबडा आरवला." आपल्या खोकल्यालाच ते कोंबडा म्हणायचे.

एका दुपारी दूध ऐन उकळीत असताना त्यांना उबळ आली. उलथणं हातातून सुटलं. ते वाकले, आणखी वाकले आणि आधारासाठी त्यांचा हात कढईच्या काठाकडं गेला. मी मागून त्यांची बंडी धरून ओढली. आम्ही दोघं लाकडांच्या ढिगावर पडलो. त्यांचे ओठ जांभळे झाले होते आणि डोळे माझ्याकडं होते, पण मला बघत नव्हते. मी नुसता "मामा, मामा" करत होतो. बऱ्याच वेळानं छातीतून शिट्टीसारखा आवाज आला आणि हवा आत गेली.

"दूध बघ," ते म्हणाले. "लागंल."

मालकांनीच त्यांना बार्शीला डॉक्टरकडं नेलं, मी बरोबर होतो. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं. मामांनी सगळा जोर लावून फुंकलं आणि शाबासकी मिळेल अशा चेहऱ्यानं वर पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "बिडी आजपासून बंद. अशीच चालू राहिली तर मी काही सांगू शकत नाही." 'काही सांगू शकत नाही' म्हणजे काय, ते सगळ्या वाटेनं माझ्या डोक्यात फिरत होतं.

मामांनी खरंच प्रयत्न केला. लवंग चघळली. डॉक्टरांनी दिलेला निकोटिनचा चिंगम चघळला, तर तो कवळीला असा चिकटला की कवळीच बाहेर आली. चौथ्या दिवशी ते दूध घालणाऱ्या एका पोरीला दुधातल्या पाण्यावरून इतकं टाकून बोलले की ती रडत गेली. मग ते गुपचूप रस्ता ओलांडून लिंबाखाली गेले. मी भट्टीच्या दारातून बघत होतो. त्यांचे गाल आत गेले. मी मान फिरवली.

हे सगळं सुनीताताईंना, म्हणजे त्यांच्या लेकीला, मीच फोनवर सांगितलं. ताईंचे यजमान, म्हणजे मामांचे जावई, दुबईला पाइपलाइनच्या कामावर होते. ते सुट्टीवर आले तेव्हा ईटला येऊन गेले. चहा झाला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, खोलीचं दार लोटलं आणि बॅगेतून पायमोजे काढले. पायमोज्यात तीन वस्तू होत्या.

"मामा, ह्याला वेप म्हणत्यात, बॅटरीवरची सिगरेट. म्या खरी सिगरेट ह्याच्यावरच सोडली."

"जावईबापू, सासऱ्याला तंबाकू भरवायला आलासा व्हय दुबईवरनं?"

"तुमच्या लेकीनंच पाठवलंय. पर आदी सांगतो, हे काय औषध न्हाय. ह्यात बी निकोटिन हाय. जळकं काय न्हाय, एवढंच. बिडीपरीस बरं असंल. आन ही आपल्याकडं बंद हाय. आनताना विमानतळावर माझं पानी पानी झालतं."

ते ऐकलं आणि मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. पोलीस आले तर पहिलं कुणाला विचारतील? परक्या जिल्ह्यातल्या माणसाला. आधार कार्ड दाखव, इथं काय करतोस, कुणाचा तू.

पहिली वस्तू मुठीएवढी होती. तिला पडदा होता, पडद्यावर आकडे पळायचे.

"हे तर फटफटीचं मीटर हाय," मामा म्हणाले. तोंडाला लावली आणि सवयीनं बिडीसारखी ओढली. पण तिचं भोक मोठं. तोंडात थांबायच्या आत सगळी वाफ छातीत गेली. मामांना उबळ आली ती थांबेचना. खोली पांढरी झाली आणि त्या पांढऱ्यात ते कुठंतरी खोकत होते. मी दार उघडायला गेलो, जावयांनी माझा हात धरला. "दार नको उघडू, भाईर दिसंल."

बाहेर दिसेल, आणि आत माणूस जाईल. मी मधल्यामध्ये उभा होतो.

खोकला थांबल्यावर जावई म्हणाले, "माझी चूक झाली. मामा, ह्यात दोन परकार हायत. एक हे, सरळ छातीत वढायचं. पोरं ढग काढत्यात त्ये. दुसरं बिडीगत. आदी तोंडात घ्यायचं, मग छातीत. तुमाला दुसरं पायजे."

"मग ते पैलं काडायचं," मामा डोळे पुसत म्हणाले. "सासरा संपवून जिमीन घेनार का काय? जिमीन न्हाय मला."

दुसरी वस्तू निळी-गुलाबी, लहान लेकराच्या पिपाणीसारखी. ओढायची, संपली की फेकायची. मामांनी ती बिडीसारखीच कानाशी नेऊन फिरवली. मग थोडीशी ओढली. "पिपाणीच की ही. वारं लई येतंय. आन हे काय, आंब्याचा रस? हा घिऊन कढईपाशी गेलो तर मालक मला आंबा बर्फीत घालंल." पिपाणी हा शब्द मात्र तिथून चिकटला. पुढं ते तिसरीलाच पिपाणी म्हणायला लागले.

तिसरी साधी होती. बोटाएवढी लांब, चपटी, काळी. पडदा नाही, बटण नाही. ओढलं की चालू. तोंडाकडचं टोक चिमटलेलं. मामांनी ती ओठांत धरली, माझ्याकडं बघितलं आणि ओढली.

त्यांचे गाल आत गेले.

तोंडात वाफ धरून ते थांबले. मी पण थांबलो. मग त्यांनी सावकाश छातीत घेतलं. आता येईल उबळ, आता येईल, असं मी मनात म्हणत होतो. ती आली नाही. नाकातून पातळसं काहीतरी बाहेर आलं, थंडीत तोंडातून येतं तेवढंच.

"ह्यात गाल बसत्यात," मामा म्हणाले. मग नखानं हवेचं भोक अर्धं झाकून परत ओढली. "अजून जरा घट्ट पायजे."

जावयांनी वरचा पॉड, म्हणजे रस भरायची डबी, ओढून काढली आणि बारीक भोकाची दुसरी बसवली. भोक कमीजास्त करायची सरकपट्टी असलेली पण एक मिळते म्हणाले, पुढच्या वेळी आणतो. "सरकपट्टी नको," मामा म्हणाले. "सरकती वस्तू सरकतीच. येकच भोक असावं, आन ते बारीक असावं." बटण नसलेलं त्यांना विशेष पसंत पडलं. वर्षानुवर्षं कढईच्या आचेनं त्यांच्या बोटांची टोकं दगड झाली होती, फोनची बटणं पण त्यांना लागायची नाहीत, मी लावून द्यायचो. पॉडला खिडकी होती, रस किती उरला ते दिसायचं. बाजूला रबराचं बूच उघडून बाटलीनं भरायचं. फोनच्याच चार्जरवर लावायचं.

"भरल्यावर लगीच वढायचं न्हाय," जावई म्हणाले. "आत कापूस हाय, तो भिजू द्यायचा. घाई केली तर जळकं लागतंय."

"दुधागतच की," मामा म्हणाले, आणि मला वाटतं त्याच क्षणी त्यांनी ती आपली मानली.

मी दारापासून विचारलं, "आणि पोलिसांनी विचारलं तर जी?"

"विकत न्हाय म्हनावं, वढतोय," जावई म्हणाले.

"म्हनायला दम असला पायजे," मामा म्हणाले आणि हसले. जावई हसले. मला काही हसू आलं नाही.

जावयांनी दोन बाटल्या ठेवल्या, एक तंबाखूच्या वासाची, एक पुदिन्याची. मोठी आणि गुलाबी परत पायमोज्यात गेली. मामांनी त्या दिवशी उरलेलं बिडीचं बंडल गणपाला देऊन टाकलं. गणपा म्हणाला, "मामा, सैल का घट्ट?" "समदं घे," मामा म्हणाले.

नंतरचे काही महिने चांगले गेले, आणि चांगले दिवस मला जास्त घाबरवतात. सकाळचा कोंबडा उशिरा आणि बारीक आरवायला लागला. दुधाच्या कॅनी घेऊन चढ चढताना ते मधे थांबेनासे झाले. पिपाणी बंडीच्या आतल्या खिशात असायची. ओढायला ते लिंबाखालीच जायचे, परत येताना राख, चुळा, मिशा, सगळं तसंच. त्यांना हवी ती तंबाखूचीच बाटली होती.

एकदा पोलिसांची गाडी भट्टीपुढं थांबली. माझ्या हातातलं उलथणं थरथरायला लागलं. जमादार उतरले, आत आले. मामा नुकतेच लिंबाखालून आले होते आणि पातळ बंडीतून त्या वस्तूचा बारीक दिवा लुकलुकत होता.

"मामा, खिशात काय चमकायलंय?"

"जावयानं दिलंय सायेब, दुबईचं. मला कुठं कळतंय, हे पोरगं लावून देतंय." मामांनी माझ्याकडं बोट केलं. जमादारांनी माझ्याकडं बघितलं.

"जावई चांगला हाय," जमादार म्हणाले. "बरं, गुलाबजामाला खवा द्या. घरी सासुरवाडी आलीय."

गाडी गेल्यावर मी मामांवर चिडलो, पहिल्यांदाच. "माझ्याकडं बोट काहून केलं जी?"

"तू कापत व्हतास. कापनाऱ्याकडं बोट केलं की लोक दया करत्यात," ते म्हणाले. मग माझं थरथरतं उलथणं त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं आणि मला बसवलं.

तंबाखूची बाटली संपली. जावई दुबईला परत गेले होते. पुदिन्याची उरली होती, ती सुरू झाली. त्याच सुमाराला हवा पालटली. आठवडाभर आभाळ खाली आलेलं, शेडमधला धूर वर जायचा नाही, पत्र्याखालीच बसून राहायचा. आमचे डोळे चुरचुरायचे. मामांना परत धाप लागायला लागली. रस्त्यापलीकडचा लिंब त्यांना लांब झाला. एका सकाळी ते अर्ध्या रस्त्यावर थांबले, एक ट्रक हॉर्न वाजवत आला तरी त्यांना पाऊल उचलवेना. मी धावत जाऊन त्यांना हाताला धरून आणलं.

त्या दिवसापासून ते कढईपाशीच पिपाणी काढायला लागले. एका हातात उलथणं, एका हातात ती.

"मामा, पुदिन्याचा वास येतोय जी," मी म्हणालो.

"तुझ्या नाकात हाय. धूर न्हाय तर वास कुठला?"

नाकाच्या बाबतीत त्यांच्याशी कोण बोलणार?

दोन दिवसांनी बार्शीच्या पेढेवाल्यानं अख्खा टेम्पोभर खवा परत पाठवला. ड्रायव्हरनं निरोप सांगितला, "पुदिन्याचा पेढा आमच्याकडं चालत न्हाय म्हनून सांगितलंय." मालकांनी एक गोळा फोडला आणि नाकाशी नेला. मग गणपाला दिला. गणपा लाकूडतोड्या, पण त्यालाही कळलं. ड्रायव्हरनं घेतला, मी घेतला. थंड, गोड, दातांच्या पेस्टसारखा वास. शेवटी मालकांनी गोळा मामांपुढं धरला, कारण शेवटचा शब्द नेहमी त्यांचा.

मामांनी डोळे मिटले. बराच वेळ नाक गोळ्यापाशी होतं. "न्हाय," ते म्हणाले. "काय वास न्हाय. चांगला खवा हाय."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "तू काय खातोस रं तोंडात? चिंगम? पुडी?"

खरं सांगितलं तर मामांची वस्तू उघडी पडणार, नाही सांगितलं तर माझी वळकटी रस्त्यावर. आणि मी मामांकडं पण बघू शकत नव्हतो, कारण मला आता वेगळीच भीती वाटायला लागली होती.

मामांनी गोळा परत नाकाशी नेला. जवळ, आणखी जवळ, मिशांना खवा लागला. मग तो खाली ठेवला आणि माझ्याकडं वळले.

"हात दाव."

मी हात पुढं केले. ते वाकले. त्यांचा श्वास माझ्या तळव्यावर लागत होता.

"सकाळी काय खाल्लंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"कांदा-भाकर जी."

त्यांनी माझे हात सोडले.

मग मला सगळं आठवायला लागलं. गेल्या वर्षभरात त्यांनी कुणालाच परत पाठवलं नव्हतं. "बरं हाय, जा," म्हणायचे. आम्हाला वाटायचं आम्ही शिकलो, आम्ही स्वच्छ झालो. नाक केव्हा गेलं ते त्यांनाही कळलं नव्हतं. खवा झाला की नाही ते उलथण्याच्या ओढीवरून आणि कढईच्या आवाजावरून त्यांचे हातच ओळखत होते, नाकाला कुणी विचारलंच नव्हतं.

"मालक, ह्याचं काय न्हाय," मामा म्हणाले. "माझ्याकडनं झालंय." आणि त्यांनी बंडीतून पिपाणी काढून खव्याशेजारी ठेवली.

मालक चांगला माणूस. ओरडले नाहीत. त्यांनी पहिलं दार लावलं. "मामा, ही भट्टीवर सापडली तर माझं लायसन जाईल. ही इथं नको. तुम्ही पूर्वीसारखं लिंबाखाली बिडी ओढा, मी कधी काही म्हटलंय का?"

ते मायेनंच बोलले. पण मी घाबरलो, कारण मामा होकाराची मान डोलावत होते. बिडीनं खव्याला वास लागत नव्हता, पिपाणीनं लागत होता. भट्टीच्या हिशेबानं बिडीच बरी होती. आणि मामांचं आयुष्य भट्टीच्या हिशेबावर चाललेलं.

गणपानं संध्याकाळी बंडल आणून दिलं. मामा ओट्यावर बसले. एक बिडी काढली, कानाशी नेली, बोटांत फिरवली. घट्ट होती, मला त्यांच्या तोंडावरून कळलं. मी म्हणालो, "नका ओढू जी." अजून काही बोलायचं होतं, बार्शीच्या डॉक्टरचं, माझ्या बापाचं, पण तेवढंच निघालं.

"का रं?"

"मला भीती वाटते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मला बी वाटतीय," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता. ते उठले, बंडल चुलाणात टाकलं आणि बाजूला तोंड करून उभे राहिले, धूर लागू नये म्हणून. "पोरीला फोन लाव. म्हनावं, बाप येतोय ऱ्हायला."

दुसऱ्या दिवशी ते लातूरला गेले. कढई सोडून गेले. निघताना कुणाचेही हात त्यांनी बघितले नाहीत. एसटीच्या खिडकीतून मला म्हणाले, "आता नाक तुझं." मला वाटलं मी धावत जाऊन सांगावं की माझ्यात तेवढी ताकद नाही. एसटी निघाली.

लातूरचे डॉक्टर नवीन होते. त्यांनी बिडीचं विचारल्यावर पुढं विचारलं, काम काय करत होता. भट्टीचं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं म्हणे. चुलाणाचा धूर पण बिडीतच धरायचा, असं ते म्हणाले. मामांनी त्याच दिवशी मला फोन केला. "तोंडाला फडकं बांध. वलं करून. गणपाला बी सांग." मी बांधतो. गणपा बांधत नाही.

तेव्हापासून रोज दुपारी, खवा उतरल्यावर, त्यांचा फोन यायचा. नातू लावून द्यायचा. दूध कसं आहे, फॅट कसा, मालक चिडतात का. सगळ्या भट्टीची चौकशी करायचे. बिडी परत धरली नाही. पिपाणी दिवसातनं थोडी, मग त्याहून कमी, असं ते सांगायचे, ताई पण तेच सांगायच्या. मी त्यांच्या बोलण्यापेक्षा मधल्या श्वासाकडं कान लावायचो. आधी एका दमात वाक्य व्हायचं. मग एका वाक्यात दोनदा थांबायला लागले. मग शब्दाशब्दाला. एकदा ते नुसतंच म्हणाले, "ऐकतोयस न्हवं?" आणि पुढं काही बोलले नाहीत. मी ऐकत होतो.

गेल्या महिन्यात सकाळीच फोन वाजला. मी कढईवर होतो. दूध घट्ट होऊन कडा सोडायला लागलं होतं. त्या वेळी हात थांबवता येत नाही, एका क्षणात लागतं. फोन समोर पोत्यावर होता, आणि त्यावर मामांचा नंबर नव्हता, सुनीताताईंचं नाव होतं. ताई सकाळी कधी फोन करत नाहीत.

मी उलथणं फिरवत राहिलो. फोन वाजून थांबला. परत वाजला. गणपा म्हणाला, "अरे घे की." मी नको म्हणून मान हलवली. खवा गोळा झाला, मी तो परातीत उतरवला, वरून साफ केला, कढई पुसली. हौदावर गेलो, हात धुतले, कोरडे केले. तोवर फोन गप्प झाला होता.

मग तो हातात घेऊन मी ओट्यावर बसलो. लावायचा होता. पण लावला नाही तोवर माझ्यापुरते मामा लातूरला खाटेवर बसलेले होते, नातवाला माझा नंबर सांगत होते. दुपारी त्यांच्या फोनची वेळ होईपर्यंत मी तसाच बसून राहिलो.